रेवा-चिकूची बीजिंगवारी : घरच्या ग्रुपवर

दादा: मंडळी, ठरलं. मे महिन्यात चीन. पाच दिवस. शांघाय दोन, बीजिंग दोन आणि एक दिवस चेंगडूला पांडा. पांडा नसेल तर येणारच नाही असं रेवाने बजावलंय. व्हिसाचीही कटकट नाही म्हणे, २४० तास तसंच राहता येतं.

मी: दादा, तिकिटं काढली नाहीस ना?

दादा: उद्या काढतोय.

मी: थांब जरा. ती २४० तासांची सवलत ५५ देशांच्या लोकांना आहे, त्यात भारत नाही. आपल्याला व्हिसा लागतोच. चौघांचे चार, चिकूचाही वेगळा. मुंबईला व्हिसा केंद्र आहे, आधी ते काम.

वहिनी: बरं झालं इथे विचारलं ते.

मी: आणि वहिनी, पाच दिवसांत तीन शहरं नको गं. बीजिंग ते शांघाय १,३१८ किलोमीटर आहे. बुलेट ट्रेननेही साडेचार तास लागतात, वर स्टेशनवरची तपासणी, बॅगा, मुलांची शू-शी. तो दिवस गेलाच म्हणून समज. आम्ही चीनला राहायला गेलो त्या वर्षी हेच केलं होतं. माझा लेक तेव्हा पाच वर्षांचा. चौथ्या दिवशी तो फुटपाथवर बसला आणि उठेचना. त्यानंतर चार वर्षांत आम्ही एकच नियम पाळला, एका खेपेला एक शहर आणि एका दिवसात एकच मोठी गोष्ट. दुपारी हॉटेलवर परत, मुलं झोपणार, संध्याकाळी जवळपास कुठेतरी.

आत्या: मग पोरीच्या पांडाचं काय? तिचा जीव अडकलाय त्यात.

मी: आत्या, पांडा बीजिंगच्या प्राणिसंग्रहालयातही आहेत. मेट्रोच्या ४ नंबरच्या लाइनवर थेट दारात उतरता येतं. मात्र उघडताक्षणी जायचं. सकाळी ते बांबू खात बसलेले असतात, उन्हं वर आली की पाठ करून झोपतात. चेंगडूचं पांडा केंद्र खूप मोठं आणि सुंदर आहे, पण त्यासाठी वेगळी खेप करा. दादा, बीजिंगच धर.

दादा: पटतंय. शांघायचं डिस्नेलँड मनात होतं खरं.

मी: नाशिकहून एवढ्या लांब जाऊन मुलांनी रांगेत उभं राहण्यात दिवस घालवायचा, हे मला तरी पटत नाही. चीनची भिंत बघून माझी दोन्ही मुलं जी वेडी झाली होती ना! भिंतीच्या मुतियान्यू भागात जा, शहरापासून सत्तरेक किलोमीटर. वर जायला पाळणा आहे आणि उतरायला चक्क घसरगाडी. डोंगरावरून पन्हाळीसारखी वाट आहे, हातात ब्रेकची दांडी. चिकूला तुझ्या पुढ्यात बसव. भिंतीच्या बादालिंग भागात गर्दी फार, तिथे नको.

वहिनी: भिंतीवर चढायला जमेल का चिकूला? चारच वर्षांचा आहे.

मी: पाळणा थेट वर सोडतो. दोन-तीन बुरूज चाललात तरी भरपूर. पायऱ्या उंचसखल आहेत, काही त्याच्या गुडघ्याच्या वर येतील, तेव्हा हात धरून. बाबागाडी तिथे उपयोगाची नाही, पाठीवरची झोळी ने. राजवाड्यात मात्र बाबागाडी हवीच.

आत्या: राजवाडा म्हणजे तो टीव्हीवर दाखवतात तो लाल भिंतींचा?

मी: हो, तोच, फॉरबिडन सिटी. १४२० मध्ये बांधून झाला. दक्षिणेच्या दरवाजाने आत आणि उत्तरेच्या दरवाजाने बाहेर, मधलं अंतर जवळजवळ एक किलोमीटर, सावली कमी. सोमवारी बंद. तिकीट दारावर मिळत नाही, पासपोर्ट नंबर टाकून आधी ऑनलाइन काढावं लागतं. मुलांचंही. सात दिवस आधी त्यांच्या रात्री आठला बुकिंग उघडतं, म्हणजे आपल्या संध्याकाळी साडेपाचला. दादा, गजर लावून ठेव, सुट्टीच्या दिवसांत पटकन संपतात. आत सगळे महाल बघायचा हट्ट धरू नका. छपराच्या कोपऱ्यांवर ओळीने छोटे प्राणी बसवलेत, रेवाला ते मोजायला सांगा. सगळ्यात मोठ्या दरबाराच्या छपरावर दहा आहेत, एवढे दुसऱ्या कुठल्याही इमारतीवर नाहीत.

दादा: तारखा? मी १ मेची सुट्टी धरून चाललो होतो.

मी: अजिबात नको! १ ते ५ मे त्यांची कामगार दिनाची सुट्टी, सगळा देश घराबाहेर पडतो. १२ मेनंतर बघ. वहिनी, चिकूचा खोकला अजून आहे का? एप्रिलपासून मेच्या सुरुवातीपर्यंत तिथे झाडांचा कापूस उडतो, शेवरीसारखा. माझ्या धाकटीला फार त्रास व्हायचा. मेच्या मध्यावर तो बराच कमी होतो आणि हवाही छान असते. तरी त्याचा पंप आणि डॉक्टरांची चिठ्ठी जवळ ठेव.

वहिनी: ठेवते. आणि खाणं? मी शाकाहारी, चिकू तर वरणभातापलीकडे जात नाही.

मी: याची काळजी करू नकोस. सकाळी तिथे तांदळाची पेज मिळते, अगदी आपली पेज, चिकू चाटून खाईल. टोमॅटो-अंड्याची भाजी आणि भात कुठेही मिळतो, मुलांना चालेल. तुझ्यासाठी एक वाक्य पाठ कर, "वो छ सू", म्हणजे मी शाकाहारी आहे. तरी भाजीत चरबी किंवा कोंबडीचं पाणी असू शकतं, विचारून घे. सगळ्यात निर्धास्त म्हणजे बौद्ध पद्धतीची शाकाहारी हॉटेलं. ते कांदा-लसूणही घालत नाहीत, आत्याचा चातुर्मास तिथे सुखाने पार पडेल. आणि गरम पाणी! विमानतळावर, स्टेशनवर, ट्रेनच्या प्रत्येक डब्यात उकळत्या पाण्याचा नळ. घरून झटपट उपमा आणि पोह्यांची पाकिटं ने, झाकणाचे दोन डबे ने.

दादा: पैसे कसे न्यायचे?

मी: निघायच्या आधी फोनवर अलीपे हे पैसे भरायचं चिनी ॲप घे आणि आपलं व्हिसा किंवा मास्टरकार्ड कंपनीचं कार्ड त्याला जोड. बँकेत परदेशी व्यवहार चालू करून घे. २०० युआनपर्यंतच्या बिलाला जादा आकार नाही, त्याहून मोठ्या बिलाला ३ टक्के. थोडे रोख युआनही ठेव. इथलं सिम रोमिंगवर ने, नाहीतर तिथल्या वायफायवर व्हॉट्सॲप आणि गुगल उघडणार नाही, आणि आप्पा इथे रात्रभर जागत बसतील. मेट्रोत १.३ मीटरपेक्षा कमी उंचीची मुलं मोठ्यांसोबत फुकट, दोघंही बसतील त्यात. अजून एक, गाड्या तिथे उजव्या बाजूने चालतात आणि विजेच्या स्कूटरचा आवाज येत नाही. मुलांना रस्ता ओलांडताना आधी डावीकडे बघायची सवय आत्तापासूनच लाव.

दादा: ग्वांगझूचं थेट विमान सुरू झालंय म्हणे.

मी: हो, थेट विमानं २०२० पासून बंद होती, ऑक्टोबर २०२५ मध्ये कोलकाता-ग्वांगझूने पुन्हा सुरुवात झाली. पण ग्वांगझूला बदललंस तर पुढचं विमान देशांतर्गत. त्यात "३सी" ही चिनी सुरक्षा प्रमाणपत्राची छाप नसलेली पॉवरबँक काढून घेतात, जून २०२५ पासूनचा नियम आहे.

आप्पा: सगळं वाचलं. मुलं एवढ्या लांब जातायत तर एक विचारतो. डॉ. द्वारकानाथ कोटणीस आमच्या सोलापूरचे. १९३८ साली काँग्रेसने पाच डॉक्टर चीनला पाठवले, त्यांत ते होते, नागपूरचे डॉ. चोळकरही होते. कोटणीस परत आलेच नाहीत. तिथल्याच परिचारिकेशी लग्न केलं, मुलाचं नाव यिनहुआ ठेवलं. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. ९ डिसेंबर १९४२ रोजी गेले, वय ३२. त्यांची समाधी शिजियाझुआंगला आहे. ती वाटेत लागते का?

मी: आप्पा, वाटेत नाही लागत. बीजिंगहून पावणेतीनशे किलोमीटर आहे. चिकूला घेऊन एक पूर्ण दिवस मोडेल. या खेपेला नको असं वाटतं.

आप्पा: बरं. सहज विचारलं.

(रात्री ११:४०)

मी: आप्पा, झोपलात का? मी पुन्हा गाड्या बघितल्या. बीजिंग पश्चिम स्टेशनवरून बुलेट ट्रेनने सव्वा तासाच्या आसपास. सहा वर्षांखालच्या मुलाला तिकीट नाही, रेवाला लहान मुलांचं तिकीट. समाधी असलेली शहीदभूमी शहरातच आहे, झाडी भरपूर आणि मोकळी जागा, मुलं पळतील. सकाळी निघून दुपारच्या झोपेला ट्रेनमध्ये परत. दादा, बीजिंगचा तो दुसरा, ग्रीष्मकालीन राजवाडा यादीतून काढून टाक आणि हे घाल. एका दिवसात एकच गोष्ट, तो नियमही मोडत नाही.

दादा: घातलं. मलाही जायचंय तिथे. शाळेत धडा होता आम्हाला.

वहिनी: आप्पा, रेवाला त्यांची गोष्ट तुम्हीच सांगा. रोज रात्री थोडी थोडी, फोनवर.

आप्पा: सांगतो. त्यांच्या घराचं सोलापुरात स्मारक झालंय. तिथली चिमूटभर माती पाठवू का?

मी: आप्पा, माती नेऊ देत नाहीत, विमानतळावरच काढून घेतात. तिथे समाधीवर शेवंती वाहतात, पांढरी नाहीतर पिवळी. फुलवाल्याकडे सहज मिळते.

आप्पा: शेवंती?

मी: हो, आपलीच शेवंती.

आप्पा: मग पांढरी घ्या. चिकूच्या हातून वाहा.