मदत हवी आहे: गॅरंटी लिहू की वॉरंटी?? (अर्जंट)

घाईतला_गडी: बोर्ड आज संध्याकाळी छापायला जायचाय, डिझाइनवाला डोक्यावर बसलाय. गॅरंटी आणि वॉरंटीत नेमका फरक काय? डिक्शनरीत दोन्हीकडे 'हमी'च दिसतंय. निबंध नको, कुठला शब्द टाकू तेवढं सांगा.

सातारकर: कसला बोर्ड? विकताय काय?

मिक्सरवाले_काका: सोप्पंय. गॅरंटी म्हणजे बिघडलं की बदलून नवीन, वॉरंटी म्हणजे फुकट रिपेअर. आयुष्य गेलं काउंटरवर, गिऱ्हाईक हेच धरून चालतं.

कायद्याचं_बोला: कायद्यात असं काही नाही काका. १८७२ च्या करार कायद्यात कलम १२६ बघा, गॅरंटी म्हणजे जामीनकी, त्याने बुडवले तर मी भरीन. १९३० च्या मालविक्री कायद्यात वॉरंटी म्हणजे दुय्यम अट, ती मोडली तर भरपाई मागता येते, पण तेवढ्यावरून माल नाकारता येत नाही.

मिक्सरवाले_काका: कलम १२६ वाचून कोण मिक्सर घेतं हो?

शब्दवेडी: मुळात दोन्ही एकच शब्द! फ्रेंचच्या दोन बोलींतून इंग्रजीत आले, नॉर्मन लोक 'व' म्हणायचे, पॅरिसकडे 'ग'. वॉर्ड आणि गार्ड तसेच. आपल्या विल्यमचा तिकडे गियोम होतो तो त्यामुळेच.

घाईतला_गडी: ताई निबंध नको म्हटलं होतं ना. भावाचं इन्व्हर्टर बॅटरीचं दुकान आहे, कंपनीच्या कार्डवर ३६+२४ लिहिलंय.

सातारकर: अहो मग हे आधी सांगायचं! पहिले ३६ महिने बदलून मिळते, पुढचे २४ प्रो-राटा, म्हणजे नवीन घेताना किमतीत काही टक्के सूट फक्त. नुसतं '६० महिने गॅरंटी' छापलंत तर पन्नासाव्या महिन्यात माणूस जुनी बॅटरी रिक्षात घालून दारात येईल आणि काकांच्या हिशोबाने त्याचंच बरोबर असेल.

कायद्याचं_बोला: अगदी. २०१९ च्या ग्राहक कायद्यात खोटी हमी देणारी जाहिरात दिशाभूल करणारी धरतात, आणि तिथे 'वॉरंटी किंवा गॅरंटी' असं जोडीनेच येतं, त्यामुळे शब्द बदलून सुटका नाही. अटी छापा.

निवांत_कोकणी: विषय निघालाच आहे तर, गावच्या घरी दोन पंखे नि टीव्ही, किती एएचची (म्हणजे किती क्षमतेची) बॅटरी पुरेल?

मिक्सरवाले_काका: १५० ची ट्युब्युलर घ्या डोळे मिटून. पाणी डिस्टिल्डच घाला, विहिरीचं नको.

घाईतला_गडी: '३६ महिने बदलून, पुढे २४ महिने सूट, अटी कार्डाप्रमाणे' असं टाकतोय, दोन्ही शब्द उडवले. कोकणी भाऊ, तुम्ही वेगळा धागा काढा की.

निवांत_कोकणी: काढतो. दुकान कुठेशी आहे भावाचं?