पिकअपचं पुढचं डावं चाक तापतंय. कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) बदलू, की आधी आणखी काही बघू? (इंदूर)

नमस्कार मंडळी. मी इंदूरचा, रामबागेत राहतो. चोइथराम मंडीतून कांदा-बटाटा भरून धामनोदला पोचवायचा, एवढाच आमचा धंदा. गाडी दीड टनी डिझेल पिकअप, नऊ वर्षं जुनी. पुढे डिस्क, मागे ड्रम. मध्यंतरी वडिलांचं ऑपरेशन झालं, तेव्हा दीड महिना गाडी गल्लीतच उभी होती. ती बाहेर काढली आणि हे दुखणं सुरू झालं.

सकाळी थंड असताना सगळं ठीक. जॅक लावून चाक फिरवलं तर हलकं फिरतं. राऊपर्यंत ट्रॅफिकमध्ये दहा-पंधरा वेळा ब्रेक मारला, की गाडी जड वाटायला लागते, जणू कुणीतरी मागून दोर धरलाय. स्टिअरिंग सैल सोडलं तर डावीकडे ओढते. मानपूरला चहाला थांबलो तेव्हा डाव्या चाकाला जळका वास येत होता. बाटलीतलं थोडं पाणी टाकलं तर चर्र आवाज. पिथमपूरला कामाला असलेला मेहुणा तापमान मोजायची बंदूक घेऊन आला. डावी डिस्क १९० अंश, उजवी ८५.

मिस्त्रीने कॅलिपर उतरवून, तो ज्यांवर सरकतो त्या गाइड पिना साफ केल्या, ग्रीस लावलं. तीन दिवस बरं वाटलं (की मलाच तसं वाटलं), चौथ्या दिवशी पुन्हा तेच. आता म्हणतो, "भिया, कॅलिपर ही गया, नया डाल दो." नवीन म्हणजे साडेचार हजार. पैसे घालायला हरकत नाही, पण घालून पुन्हा तेच झालं तर? पॅड गेल्या दिवाळीत दोन्ही बाजूंचे एकदम टाकले होते. आता डावीकडचे आतला आणि बाहेरचा दोन्ही चार-चार मिलिमीटर उरलेत, उजवीकडचे सात-सात. हे जामपण नक्की कुठे आहे, ते घरच्या घरी कसं ओळखायचं?

प्रतिसाद:
बेअरिंग बघा एकदा. माझ्या गाडीचं असंच तापत होतं, मी उगाच ब्रेकच्या मागे लागलो होतो.

धागाकर्ता:
बघितलं दादा. चाक वर-खाली धरून हलवलं, खेळ अजिबात नाही, घरघरही नाही. शिवाय बेअरिंग गेलं असतं तर सकाळी चाक इतकं मोकळं फिरलं नसतं.

प्रतिसाद:
मी बडोद्याचा, चाळीस वर्षं गॅरेजात काढली. आधी दोन गोष्टी रागाने सांगतो, मग कामाचं बोलू.

एक, तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका. डिस्क वाकडी होते आणि मग ब्रेक मारल्यावर पॅडल थरथरतं. दोन, हे निस्तरेपर्यंत मानपूरच्या पुढे भरलेली गाडी उतरवू नका. त्या गणपती घाटात ब्रेक गेलेल्या गाड्यांनी किती लोक गिळलेत, ते तुम्हा इंदूरकरांना मी सांगायला नको. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा पितं. नवीन डॉट ३ ऑइल २०५ अंशांच्या आत उकळत नाही, पण ओलावा शिरलेलं १४० च्या आसपासही उकळू शकतं. उकळलं की नळीत वाफ होते, आणि वाफ दाबली जाते. मग पॅडल थेट तळाला.

आता तुमचा प्रश्न. उत्तर तुम्हीच अर्धं लिहिलंय, फक्त तुमच्या लक्षात आलं नाही. पिना जाम असल्या की कॅलिपर सरकत नाही, मग दोन पॅड सारखे झिजत नाहीत, बहुतेक वेळा पिस्टनकडचा (ऑइलच्या दाबाने पॅड ढकलणाऱ्या दट्ट्याकडचा) आतला पॅड जास्त झिजतो. तुमचे आतला-बाहेरचा सारखे आहेत, आणि दोन्ही उजव्यापेक्षा जास्त झिजलेत. म्हणजे कॅलिपर नीट सरकतोय, फक्त दाब सोडला जात नाही. आता हा दाब पिस्टन गंजून अडकल्याने राहतोय, की वरून ऑइलच परत जात नाही, एवढंच शोधायचं. त्यासाठी ११ नंबरचा पाना (तुमच्या निपलला, म्हणजे कॅलिपरमधली हवा-ऑइल काढायच्या स्क्रूला, १० चा लागेल कदाचित) आणि पारदर्शक नळी पुरे.

गाडी फिरवून चाक तापवा, जाम होऊ द्या. सपाट जागी मागच्या चाकांना दगड लावा, जॅकवर उचला आणि खाली घोडी (स्टँड) द्या, नुसत्या जॅकवर हात घालू नका. चाक हाताने फिरवून बघा, जड आहे ना? आता कॅलिपरच्या निपलला नळी लावून दुसरं टोक बाटलीत सोडा आणि निपल अर्धा फेरा सैल करा. ऑइल जोरात आलं आणि चाक मोकळं झालं, तर पिस्टन निर्दोष, दाब वर कोंडला होता. नळीत ऑइल आलं, पण चाक तसंच जाम, तर मिस्त्री बरोबर, कॅलिपर उघडा.

मोकळं झालं तर निपल घट्ट करा, चार-पाच वेळा ब्रेक दाबा. पुन्हा जाम झालं की या वेळी निपलला हात लावू नका. लोखंडी पाइप रबरी होजला जिथे जोडलाय, तिथला नट सैल करा. इथे चाक सुटलं तर दोष मास्टर सिलेंडरकडे (पॅडल दाबल्यावर ऑइल ढकलतो तो), आणि मग पॅडलच्या दांड्याला थोडी मोकळीक आहे का तेही बघा. इथे सुटलं नाही आणि नंतर निपलला सुटलं, तर होज. बाकी तुमचं उजवं चाक थंड आहे. पुढच्या दोन चाकांना दाब एकाच जागेवरून येतो, मास्टर अडकला असता तर दोन्ही तापली असती. तेव्हा माझा संशय होजवर आहे, पण संशयावर सामान आणू नका.

ऑइल रंगावर पडलं तर रंग उचलतं, जवळ पाणी ठेवा. काम झाल्यावर हवा काढल्याशिवाय गाडी हलवायची नाही. बाटलीत आलेलं ऑइल परत ब्रेक ऑइलच्या टाकीत ओतू नका.

प्रतिसाद:
पिनांना मिस्त्रीने कुठलं ग्रीस लावलं तेही विचारा. बेअरिंगचं पिवळं ग्रीस लावलं तर बूटचं (पिनांवरच्या टोपणाचं) रबर फुगतं आणि पुन्हा पिना अडकतात. सिलिकॉनचं लागतं.

धागाकर्ता:
काका, काल संध्याकाळी मेहुण्याला घेऊन केलं. निपल सैल केला तर ऑइल पिचकारीसारखं आलं, कोरा चहा उकळून ठेवावा तसं काळं. चाक त्याच क्षणी सुटलं. घट्ट करून ब्रेक दाबला, पुन्हा जाम. मग वरचा नट सैल केला, तिथे दोन थेंब आले आणि चाक जिथल्या तिथे. पुन्हा निपल उघडला, सुटलं.

होज काढून टेबलावर ठेवला. बाहेरून धडधाकट, एक चीर नाही. पण मधे जी लोखंडी पट्टी होज चॅसिसला धरून ठेवते, तिच्या आत गंजाचे पापुद्रे साठून पट्टी आतल्या आत फुगली होती आणि रबर आवळलं गेलं होतं. मेहुण्याने करवतीने तिथेच कापला. आतलं भोक सुईच्या नाक्याएवढं! पायाने जोरात दाबला की ऑइल जातं, पण परत यायला कुणी ढकलणारं नाही. बहुधा आमची काळी माती पावसात त्या पट्टीत जाऊन बसत असणार, पाणी धरून ठेवते ती.

दोन्ही बाजूंचे होज नवे टाकले, उजवाही त्याच वयाचा म्हणून. ऑइल पूर्ण बदललं. पिनांना खरंच पिवळं ग्रीस होतं, तेही पुसून सिलिकॉन लावलं, बूट बदलले. खर्च कॅलिपरच्या निम्म्यापेक्षा कमी. आज रिकामी गाडी राऊला दोनदा नेऊन आणली, डावी ८८, उजवी ८४. मिस्त्रीला तुकडा दाखवला, तर म्हणाला, "ये तो मैं बोलने ही वाला था." असो. आता पॅड एकट्या डावीकडचे बदलू का?

प्रतिसाद (बडोदा):
नाही. दोन्हीकडचे एकदम बदला, नाहीतर गाडी उलट्या बाजूला ओढेल आणि तुम्ही पुन्हा इथेच याल. डाव्या डिस्कवर निळे डाग आहेत का बघा. असतील आणि ब्रेक मारल्यावर पॅडल थरथरत असेल, तर लेथवर कट मारून घ्या, पण आधी जाडी मोजायला लावा, किमान आकडा डिस्कवरच कोरलेला असतो. नवीन होजच्या पट्टीत माती साठू देऊ नका, गाडी धुताना पाण्याची धार तिथे मारा. आणि पहिले दोन फेरे निम्म्या मालाने करा.