झोपेचे सगळे नियम पाळूनही रात्री बारापर्यंत टक्क जागं, नेमकं कुठे चुकतं?

वाचनमात्र:
झोपेच्या सवयींच्या याद्या सगळीकडे सारख्याच: खोलीत अंधार, मोबाइल लांब, संध्याकाळनंतर कॉफी नाही. हे सगळं महिनाभर नेमाने पाळूनही १०.३० ला आडवं झाल्यावर डोळा लागायला दीड तास, पहाटे परत तासभर जाग आणि ७ ला उठताना डोकं जड. यादीतल्या कुठल्या गोष्टीला खरंच वजन आहे आणि कुठली नुसती भरताड? रविवारी ९ पर्यंत झोपून भरपाई केली तर चालते का? आकड्यांत उत्तर मिळालं तर बरं.

लंबक:
आकडे तुमच्या प्रश्नातच आहेत. १०.३० ते ७ म्हणजे अंथरुणात ५१० मिनिटं. त्यातून दीड तास आणि एक तास वजा केला की झोप उरते ३६० मिनिटं, म्हणजे ७० टक्के. याला झोपेची कार्यक्षमता म्हणतात आणि ती ८५ च्या वर हवी. सहा तासांची झोप साडेआठ तासांवर पसरली तर पातळ होणारच, त्याला अंधार काय करणार? अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनच्या २०२१ च्या सूचनांतही जुनाट निद्रानाशावर नुसत्या सवयींची यादी हा एकमेव उपाय म्हणून वापरू नये, असंच आहे.

दोन आठवडे वहीत नोंद ठेवा: कधी पडलो, अंदाजे कधी झोप लागली, मध्ये किती जाग, कधी उठलो. हे सकाळी लिहायचं, रात्री घड्याळ बघून नाही. सरासरी झोप ६ तास निघाली तर अंथरुणही सहाच तास. उठायची वेळ ६.३० धरली तर पाठ टेकायची १२.३० ला, त्याआधी नाही. आठवड्याची सरासरी कार्यक्षमता ९० टक्क्यांवर गेली की झोपायची वेळ १५ मिनिटं अलीकडे आणा. ८५ ते ९० असेल तर आहे तशीच राहू द्या. ८५ च्या खाली असेल तर १५ मिनिटं पुढे ढकला. पण अंथरुणातला वेळ पाच तासांहून कमी कधीच नको.

पहिला आठवडा जड जातो आणि बहुतेकांचं तिथेच बिनसतं. जागेपणी मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं रसायन साचत जातं, तीच झोपेची भूक. रात्री नऊला सोफ्यावर लागलेली वीस मिनिटांची डुलकी ती भूक मारते आणि साडेबाराला पुन्हा टक्क जागं.

रविवारचं ९ याच कारणाने नको. दोन तास उशिरा उठलात की सकाळचा उजेड दोन तास उशिरा मिळतो आणि रात्रीपर्यंत भूकही दोन तासांनी कमी साचते. सोमवारची सकाळ रविवारीच बिघडलेली असते. झोप हुकमाने येत नाही, उठणं मात्र गजराच्या हातात आहे. म्हणून नेम उठण्याच्या वेळेचा हवा.

उंबरठा:
लंबक यांच्याशी सहमत, एक भर. दीड तास कूस बदलत पडून राहिलं की अंथरूण म्हणजे जागरणाची जागा, हे मेंदू शिकतो. रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ मध्ये मांडलेली पद्धत यावरच आहे: अंदाजे १५-२० मिनिटांत झोप लागली नाही तर उठायचं, दुसऱ्या खोलीत मंद दिव्यात काहीतरी कंटाळवाणं वाचायचं आणि पापण्या मिटायला लागल्या की परत यायचं. थकवा म्हणजे पेंग नव्हे. नुसतं अंग दुखतंय म्हणून परत गेलात तर पुन्हा तेच. आणि घड्याळाचं तोंड भिंतीकडे करा, नाहीतर ही १५ मिनिटं मोजण्यातच रात्र जाते.

अर्धायुष्य:
तुमची ‘संध्याकाळनंतर कॉफी नाही’ ही अट ढिली आहे. रक्तातलं कॅफिन निम्मं व्हायला साधारण ५-६ तास लागतात. दुपारी ४ ला २०० मिलिग्रॅम पोटात गेलं तर रात्री १० ला जवळपास १०० शिल्लक असतं. एका प्रयोगात झोपण्याच्या ६ तास आधी दिलेल्या ४०० मिलिग्रॅमनेही झोप तासाभराहून जास्त घटली होती. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर कॅफिन आणखी रेंगाळतं. उलट सिगारेट ओढणाऱ्यांत ते झटपट उतरतं, म्हणून सिगारेट सोडल्यावर तीच नेहमीची कॉफी जड जाते. दुपारी १२ नंतर बंद करून दोन आठवडे बघा.

मोबाइलचा बाऊ जरा जास्तच होतो. डोळ्यांतल्या ज्या पेशी शरीराच्या घड्याळाला खबर देतात त्यांना ४८० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा उजेड सर्वांत जास्त जाणवतो आणि तो छतावरच्या पांढऱ्या दिव्यातूनही येतो. झोपण्याआधी दोन तास तो बंद, खाली एखादा पिवळा दिवा. सकाळी मात्र अर्धा तास बाहेर. ढगाळ आभाळाचा उजेडही खोलीतल्या दिव्याच्या कितीतरी पट असतो.

गरम पाण्याची अंघोळ उपयोगाची, पण पडायच्या दीडेक तास आधी. ४०-४२ अंशांचं पाणी, दहा मिनिटं. हातापायांच्या रक्तवाहिन्या पसरून आतली उष्णता बाहेर पडते आणि शरीराचं तापमान उतरताना पेंग येते. अंथरुणात शिरायच्या आधी लगेच केलीत तर अंग तापलेलंच राहतं.

सावधपत्र:
थांबा, अंथरुणातला वेळ कापण्याआधी काही गोष्टी तपासा. जोरात घोरणं, श्वास अडकून जाग येणं, दिवसा बसल्या बसल्या डोळा लागणं असेल तर स्लीप अ‍ॅप्नियाची (झोपेत श्वास थांबण्याच्या आजाराची) चाचणी आधी. रात्री पाय हलवल्याशिवाय चैन पडत नसेल तर रक्तातलं फेरिटिन (शरीरातल्या लोहाच्या साठ्याचं माप) बघून घ्या. बायपोलर आजार, अपस्मार किंवा झोपेत चालण्याची सवय असेल तर लंबक यांची पद्धत मनाने सुरू करू नका, त्रास उसळू शकतो. गाडी किंवा यंत्र चालवायचं काम असेल तर पहिले दोन आठवडे धोक्याचे.

औषधंही बघा. सर्दीच्या गोळीतलं स्यूडोएफेड्रिन आणि संध्याकाळी घेतलेलं स्टेरॉइड दोन्ही झोप उडवतात. स्टेरॉइडची वेळ सकाळी करता येईल का, हे डॉक्टरांनाच विचारा.

वाचनमात्र:
घोरणं वगैरे नाही, औषधंही नाहीत. वही आजपासून. दुपारची डुलकी पूर्ण बंद की थोडी चालेल?

लंबक:
वेळ कापलेला आहे तोवर बंदच. फारच डोळे मिटायला लागले तर दुपारी ३ च्या आत, गजर लावून २० मिनिटं, आणि तीही वहीत लिहा.