सल्ला हवा : उत्तम चालणारी ध्वनियंत्रणा बदलत राहण्याची ओढ कशी आवरावी?

मंद्रसप्तक (धागाकर्ता)

सर्वांना नमस्कार.

माझ्याकडे ओपन-बॅक (मागून उघडे) हेडफोन, एक डॅक (डिजिटल संकेताचे ॲनालॉग संकेतात रूपांतर करणारे उपकरण), एक हेडफोन अँप्लिफायर आणि बुकशेल्फ स्पीकरची जोडी आहे. सगळी उपकरणे विचारपूर्वक निवडलेली आणि उत्तम स्थितीत आहेत. गाणे चालू असताना त्यांच्याविषयी कोणतीही तक्रार सुचत नाही. अस्वस्थता येते ती गाणे थांबल्यावर, एखादे नवे परीक्षण वाचताना. त्यात 'आवाजावरचा पडदा दूर झाला' अशी वाक्ये भेटतात, आणि तासाभरापूर्वी पुरेपूर आनंद देणाऱ्या हेडफोनांत काहीतरी उणे असणारच, असे मन धरून बसते.

सध्या दोन खरेद्या मनात घोळत आहेत. पहिली म्हणजे वरच्या श्रेणीतला डॅक. दुसरी म्हणजे स्पीकरसाठी अधिक ताकदीचा अँप्लिफायर, कारण माझ्या खोलीत खर्जातला एखादा स्वर फार घुमतो आणि त्याहून खालचे स्वर जवळजवळ ऐकूच येत नाहीत. खोली सुमारे ४ मीटर लांब आहे, स्पीकर आखूड भिंतीपाशी आहेत आणि मी साधारण खोलीच्या मध्यावर बसतो. अशा खर्जाचे कारण 'अँप्लिफायरची पकड कमी पडते' असे दिले जाते.

कोणते उपकरण घ्यावे, हा माझा प्रश्न नाही. खरी गरज आणि निव्वळ ओढ यांत तुम्ही फरक कसा करता, आणि या दोन खरेद्यांपैकी एखादी खरोखर आवश्यक आहे का, याविषयी सल्ला हवा आहे. खर्चाइतकीच खंत या गोष्टीची आहे की ऐकण्याचा वेळ तुलना करण्यात जातो.

---

तरंगलांबी

तुमच्या प्रश्नात खोलीची लांबी आणि बसण्याची जागा दिली आहे, त्यामुळे खर्जाविषयी बऱ्याच खात्रीने लिहिता येते. हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असतो. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ज्या ध्वनीची अर्धी तरंगलांबी बरोबर मावते, त्या वारंवारतेला खोली स्वतःच अनुनाद देते, म्हणजे तो ध्वनी भिंतींमध्ये घुमत राहतो. ४ मीटरच्या अंतरासाठी ती वारंवारता सुमारे ४३ हर्ट्झ येते आणि तिच्या पुढचा अनुनाद ८६ हर्ट्झच्या आसपास येतो. पहिल्या अनुनादाचा दाब भिंतींपाशी सर्वाधिक आणि बरोबर मध्यावर जवळजवळ शून्य असतो, तर दुसऱ्याचा दाब मध्यावर पुन्हा सर्वाधिक असतो. म्हणजे तुम्ही अशा जागी बसला आहात की जिथे ४३ हर्ट्झच्या जवळचे स्वर हरवणार आणि ८६ हर्ट्झच्या जवळचे घुमणार. तुम्ही जे ऐकता आहात ते हेच आहे. अँप्लिफायर कितीही मोठा आणला तरी भिंतींमधले अंतर तेवढेच राहील आणि तक्रारही तेवढीच राहील.

आधी खुर्ची हलवून पाहावी. मध्यापासून पुढे किंवा मागे सरकताना एखादी संथ खर्जाची ओळ लावून ठेवली, तर फरक कानाला लगेच कळतो. त्यानंतर मोजमाप करावे. रूम ईक्यू विझार्ड ही खोलीतला ध्वनी मोजणारी संगणक-प्रणाली मोफत मिळते, आणि युमिक-१ सारखा मोजमापाचा मायक्रोफोन थेट संगणकाला जोडता येतो व त्या विशिष्ट मायक्रोफोनची दुरुस्तीची फाइलही मिळते. लहान खोलीत खर्जाच्या आलेखावर १० डेसिबल किंवा त्याहून मोठे चढउतार दिसणे अगदी सामान्य आहे. दोन चांगल्या डॅकमधल्या फरकाशी त्याची तुलनाच होऊ शकत नाही.

एक सूचना मात्र आवर्जून करतो. मोजमापानंतर इक्वलायझर (निवडक वारंवारता कमी-जास्त करणारे साधन) वापरायचा ठरल्यास आलेखातली उंच शिखरे खाली आणावीत आणि खोल दऱ्या भरण्याच्या फंदात पडू नये. दरी बहुधा परस्परांना छेदणाऱ्या लहरींमुळे तयार होते; तिथे जेवढी शक्ती ओताल तेवढीच शक्ती परत येणारी लहर खाऊन टाकते, आणि स्पीकर व अँप्लिफायर यांच्यावर ताण मात्र वाढतो. दरीवर इलाज जागा बदलण्याचाच आहे, मग ती श्रोत्याची असो की स्पीकरची.

---

स्वरसंगती

डॅकविषयी मी लिहितो. नवा डॅक घेण्यास माझी हरकत नाही, परंतु घेण्यापूर्वी तो उसना मिळवावा आणि न बघता ऐकावा. अशा तुलनेत सर्वाधिक फसवणूक आवाजाच्या पातळीतल्या फरकामुळे होते. किंचित मोठा आवाज आपल्याला मोठा न वाटता अधिक स्पष्ट, अधिक भरदार आणि खर्जात अधिक समृद्ध वाटतो, कारण कमी पातळीवर आपल्या कानाची खर्जाबाबतची संवेदनशीलता झपाट्याने घटते. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली समान भासमान पातळीचे आलेख प्रसिद्ध केले, त्यांतही हेच दिसते. म्हणून दोन्ही डॅकवरून एकच स्थिर स्वर वाजवून अँप्लिफायरच्या बाहेर मल्टिमीटरने व्होल्टेज मोजावे आणि ते शक्यतो एका टक्क्याच्या आत जुळवावे. एक टक्का म्हणजे ०.१ डेसिबलहूनही थोडे कमी. नुसत्या कानाने पातळी जुळवणे पुरेसे होत नाही.

पातळी जुळल्यानंतर दुसऱ्या कोणाला तरी डॅक बदलण्यास सांगावे. ऐकणाऱ्याला कोणता चालू आहे हे कळता कामा नये, आणि शक्य असेल तर बदलणारी व्यक्तीही त्याला दिसू नये. १६ फेऱ्यांपैकी किमान १२ वेळा बरोबर ओळखता आले, तर निव्वळ अंदाजाने तसे घडण्याची शक्यता सुमारे ४ टक्के उरते, आणि मग फरक ऐकू येतो असे म्हणण्यास आधार मिळतो. फाइलींची तुलना करायची असेल, उदाहरणार्थ उच्च रिझोल्युशनची फाइल आणि तिच्यापासूनच तयार केलेली १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झची, म्हणजे सीडीच्या दर्जाची फाइल, तर फूबार २००० या प्लेअरसाठी एबीएक्स चाचणीचे (कोणती फाइल वाजते आहे हे न बघता ओळखण्याचे) जोडसाधन उपलब्ध आहे.

हे सारे अतिरेकी वाटू शकते, म्हणून कारण सांगतो. १९९४ साली फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी श्रोत्यांना तेच स्पीकर एकदा न दाखवता आणि एकदा दाखवून ऐकवले, तेव्हा स्पीकर समोर दिसताच दिलेले गुण बदलले. आणि असे अनुभवी श्रोत्यांच्याही बाबतीत घडले. २००७ साली मायर आणि मोरान यांनी उच्च रिझोल्युशनच्या संगीताच्या वाटेत सीडीच्या दर्जाचा टप्पा घातला, तेव्हा नेहमीच्या पातळीवर ऐकणाऱ्यांना तो ओळखता आला नाही. कान प्रामाणिक असला तरी डोळ्यांनी पुरवलेली माहिती त्याच्या निकालात मिसळते, आणि ती जाणीवपूर्वक बाजूला ठेवता येत नाही. परीक्षण लिहिणारे बहुतेक लोक उपकरणाकडे पाहत, त्याचे मूल्य ठाऊक असताना ऐकतात. ते खोटे लिहीत नाहीत. त्यांना तसे खरोखरच ऐकू येते. तुमच्या कानांना न बघता तसे ऐकू येईल का, हा मात्र वेगळा प्रश्न आहे.

---

जुनी तबकडी

वरच्या दोन्ही प्रतिसादांशी सहमत आहे, तरी एक बाजू राहून जाते आहे असे वाटते. प्रत्येक बदल ओढीपोटीच होतो असे नाही. हेडफोनचे पॅड दबले असतील तर कान आणि ड्रायव्हर (हेडफोनातला ध्वनी निर्माण करणारा भाग) यांच्यातले अंतर बदलते आणि आवाजही खरोखर बदलतो, ते बदलावेत. डोके दुखत असेल, एका कानात आवाज कमी येत असेल, तर विचार करत बसू नये. शक्ती कमी पडते का, हे तर हिशेबानेच कळते. समजा हेडफोनचा अवरोध ३०० ओहम आहे आणि १ व्होल्टला ९७ डेसिबल एवढी त्याची संवेदनशीलता आहे. क्षणिक शिखरांसाठी ११० डेसिबल धरले, तर सुमारे ४.५ व्होल्ट, म्हणजे साधारण ६७ मिलिवॉट लागतात. तुमचा अँप्लिफायर एवढे देत असेल, तर त्याहून दहापट शक्तीचा अँप्लिफायर तुम्हाला वेगळे काही ऐकवणार नाही.

जुने झाले म्हणून निकामी झाले, ही समजूतही तपासून पाहावी. सेन्हायझरचा एचडी ६०० हा हेडफोन १९९७ साली आला. त्याचे पॅड आणि केबल सुटे मिळतात, आणि इतक्या वर्षांनंतरही नव्या हेडफोनांची तुलना त्याच्याशी केली जाते. चांगल्या ट्रान्सड्यूसरचे, म्हणजे विद्युतसंकेताचा ध्वनी करणाऱ्या उपकरणाचे, आयुष्य नव्या मॉडेलच्या घोषणेने कमी होत नाही.

---

अनुनाद

मंद्रसप्तक, तुमच्या प्रश्नाचा जो भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो त्याकडे वळतो. ओढ ऐकताना येत नाही, वाचताना येते, असे तुम्ही स्वतःच लिहिले आहे. या निरीक्षणाच्या आधाराने पुढचे सगळे ठरवता येईल.

'याहून चांगले काय?' या प्रश्नाला कधीच शेवट नसतो, कारण त्याचे उत्तर नेहमी बाजारातून येते. 'मला कुठल्या ध्वनिमुद्रणात, कुठल्या क्षणी, काय खटकते?' या प्रश्नाचे उत्तर स्वतःच्या कानातून येते आणि ते सहसा लहान असते. म्हणून एक वही ठेवावी. ऐकताना काही खटकले, तर ध्वनिमुद्रण, मिनिट आणि सेकंद यांसह साध्या शब्दांत लिहावे : 'स' हा वर्ण टोचतो, तंबोऱ्याची जवारी धूसर वाटते, डग्ग्याचा घुमारा लांबत राहतो. 'पार्श्वभूमी पुरेशी काळी नाही' यासारखी परीक्षणांतून उचललेली भाषा त्या वहीत येऊ देऊ नये, कारण ती तक्रार तुमची नसते. एकच तक्रार वेगवेगळ्या ध्वनिमुद्रणांत पुन्हा पुन्हा आली, तर ती उपकरणाची, खोलीची किंवा मांडणीची आहे. एकाच ध्वनिमुद्रणात आली, तर दोष बहुधा त्या ध्वनिमुद्रणाचाच आहे. त्याच गाण्याची जुनी, कमी दाबलेली (लहान-मोठ्या आवाजांतला फरक कमी पुसलेली) मास्टर प्रत शोधून ऐकली, तर मिळणारा फरक कुठल्याही डॅकने मिळणार नाही. ध्वनिमुद्रणांच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांचा शोध हा या छंदातला सर्वांत उपेक्षित आणि सर्वांत फलदायी भाग आहे, असे माझे ठाम मत आहे.

हेडफोनबाबत वहीत तक्रार आली, तर आधी इक्वलायझर वापरून पाहावा. विंडोजवर इक्वलायझर एपीओ मोफत मिळतो, आणि ऑटोईक्यू या प्रकल्पात पुष्कळ हेडफोनांसाठी इक्वलायझरच्या तयार मांडण्या आहेत. एखादी वारंवारता वाढवली असेल, तर एकूण पातळी तितकीच खाली घ्यावी, म्हणजे शिखरे छाटली जाणार नाहीत. हवासा वाटणारा हेडफोन आपल्या हेडफोनपेक्षा वेगळा ऐकू येण्याचे मुख्य कारण बहुधा त्याचा वारंवारता-प्रतिसाद (कोणती वारंवारता किती मोठ्याने वाजते याचा आलेख) असते. तो आलेख आपल्या हेडफोनवर पुरता उतरत नाही, विशेषतः वरच्या पट्टीत, जिथे प्रत्येकाच्या कानाची ठेवण वेगळी असते. तरीही त्या दिशेचा आवाज आपल्याला आवडतो का, एवढे निश्चित कळते.

नव्या सुखाची सवय होऊन मन पुन्हा आपल्या मूळ पातळीवर येते, ही कल्पना ब्रिकमन आणि कॅम्पबेल या मानसशास्त्रज्ञांनी १९७१ साली मांडली. ध्वनीच्या छंदात ही सवय फारच लवकर लागते, कारण कान काही दिवसांतच नव्या नादाला सरावतात आणि तोच स्वाभाविक वाटू लागतो. हीच गोष्ट आपल्या बाजूनेही वापरता येते : जे उपकरण आज 'उणे' वाटते, त्यावर परीक्षणे न वाचता सलग ऐकत राहिले, तर तेही पुन्हा पूर्ण वाटू लागते.

---

शोधयात्री

माझे मत थोडे वेगळे आहे. काही जणांना उपकरणे जाणून घेण्यातच रस असतो आणि त्यात गैर काही नाही. तो संगीताशेजारचा एक स्वतंत्र छंद आहे. अशांनी स्वतःला दोष देत बसण्यापेक्षा उसने आणून ऐकावे, वापरलेले घ्यावे, आणि नवे आले की जुने विकावे. मात्र मूळ धाग्यात ऐकण्याचा वेळ जातो याची खंत स्पष्ट दिसते, म्हणून हा मार्ग मंद्रसप्तक यांना मानवेल असे वाटत नाही.

---

मंद्रसप्तक

सर्वांचे मनःपूर्वक आभार. अँप्लिफायरचा विचार मी सोडून देतो आहे. ४३ आणि ८६ हर्ट्झचा हिशेब माझ्या ऐकण्याशी तंतोतंत जुळतो. डॅक एका मित्राकडून उसना मिळू शकेल, तेव्हा पातळी जुळवूनच ऐकेन. वहीची सूचना लगेच अमलात आणतो.

एक शंका राहते. खुर्ची मध्यापासून हलवायची तर कुठे, यासाठी एखादा ढोबळ आरंभबिंदू आहे का? आणि मोजताना मायक्रोफोन एकाच ठिकाणी ठेवावा की अनेक ठिकाणी?

---

तरंगलांबी

आरंभासाठी खोलीच्या लांबीच्या ३८ टक्क्यांचा ढोबळ नियम वापरतात. ४ मीटरच्या खोलीत ते अंतर पुढच्या किंवा मागच्या भिंतीपासून सुमारे दीड मीटर येते. तिथे ४३ हर्ट्झ पूर्ण हरवत नाही आणि ८६ हर्ट्झही शिखरावर नसतो. नियम ढोबळच आहे, कारण खोलीची रुंदी आणि उंची यांचे अनुनाद वेगळे असतात. त्या बिंदूपासून थोडे पुढे-मागे मोजून पाहावे. स्पीकर आणि तुम्ही यांचा त्रिकोण शक्यतो समभुज राहू द्यावा, म्हणजे खुर्ची हलली की स्पीकरमधले अंतरही बदलावे लागेल.

जागा निवडताना मायक्रोफोन कानाच्या उंचीवर, डोके जिथे असेल तिथेच ठेवावा. जागा पक्की झाल्यावर, इक्वलायझर ठरवण्यापूर्वी, डोक्याच्या आसपास वीस-तीस सेंटिमीटरच्या परिसरात काही ठिकाणी मोजून सरासरी घ्यावी, नाहीतर एकाच बिंदूपुरती दुरुस्ती होते आणि मान थोडी वळवली तरी ती बिघडते. स्पीकर डावा-उजवा वेगवेगळा मोजावा. आलेख इथे दिलात, तर कुठली शिखरे कमी करावीत हे मिळून पाहू.