'स्पिरिटेड अवे' मला उशिरा कळला, की माझंच वय झालं?

गिरणाकाठ:
पंधरा वर्षांपूर्वी पुण्यात होस्टेलवर मित्रांनी जपानी दिग्दर्शक मियाझाकीचा हा ॲनिमेशन सिनेमा (2001) लावला, तेव्हा मी अर्ध्यातच झोपलो. आईबापांची डुकरं होतात, सहा हातांचा म्हातारा बॉयलर चालवतो. म्हटलं, काय चाललंय हे! गेल्या रविवारी चाळीसगावला लेकीबरोबर पुन्हा पाहिला. ती दहाची, सिनेमातली चिहिरोही दहाचीच. देवांच्या हमामखान्याची मालकीण, चेटकीण युबाबा, कामाच्या करारावरची अक्षरं उचलून मुठीत घेते, नावातलं एकच अक्षर उरतं, ते जपानीत सुटं वाचलं की 'सेन', आणि चिहिरोची 'सेन' होते. तिला मदत करणारा तिथलाच मुलगा हाकू बजावतो, खरं नाव विसरलीस तर घरची वाट सापडणार नाही. तिथे मी सरसावून बसलो. पुण्यात पहिल्याच महिन्यात कुणीतरी माझ्या 'शे'ला, म्हणजे अहिराणीतल्या 'आहे'ला, हसलं होतं. त्यानंतर आईचा फोन आला की मी जिन्यात जाऊन अहिराणी बोलायचो, तेही हळू. म्हणून मला हा मोठं होण्याचा सिनेमा वाटतो. तुम्हाला?

केळीचा_घड:
मला नाही. भो, गाव सुटलं की बोली बदलतेच, त्याला चेटकीण कशाला? तू स्वतः टाकलीस. आणि दोन तासांत ना धड खलनायक, ना शेवटी हिशेब चुकता. 2003 मध्ये ऑस्कर मिळालं म्हणून मान डोलवायची का?

कळण्याची_भाकर:
केळीभाऊ, नाव कसं जातं ते मला विचारा. लग्नात ताटात तांदूळ पसरून त्यात अंगठीनं माझं नवं नाव लिहिलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही हसले. पुढे बँकेत त्या नावानं पुकारा झाला की मी आपली इकडेतिकडे बघायचे, कुणाला बोलावताहेत म्हणून. युबाबा निदान दिसते तरी दुष्ट. आमच्याकडे पेढे वाटले.

केळीचा_घड:
ताई, तुमचं कबूल. याचं नाही.

पांझरेवाला:
तुम्ही सगळं स्वतःवरच ओढताय. हा सिनेमा नदीचा आहे! तो घाण वासाचा चिखलाचा गोळा आठवा. सगळे नाक दाबतात, आणि चिहिरोला त्याच्या अंगात काहीतरी रुतलेलं लागतं. दोर बांधून ओढतात तर सायकल निघते, तिच्यामागे कचऱ्याचा डोंगर, आणि आत निघतो नदीचा देव. हाकूसुद्धा नदीच, बुजवून वर इमारती उठवलेली. धुळ्यात पुलावर उभं राहून खाली पांझरेत बघा, मग बोलू ओळखीबिळखीचं.

गिरणाकाठ:
पण हाकूला स्वतःचं नाव आठवतं तेच मुळी नदीचं नाव म्हणून! दोन्ही एकच की हो. आणि केळीभाऊ, मी स्वतः टाकली हे खरंय. चिहिरोही सही स्वतःच करते, काम हवं म्हणून.
तर, सिनेमा संपल्यावर लेक आजीपुढे जाऊन उभी राहिली, "तुन्हं नाव काय शे?" उच्चार पक्का पुणेरी. आई पदर तोंडाला लावून हसत होती.

केळीचा_घड:
सिनेमा मला अजूनही आवडलेला नाही. पोरीला अजून चार वाक्यं शिकव. रविवारी वांगी घेऊन येतो, भरीत तू कर.