आधी डेटा बाहेर काढून बघा
मॅडम, दवाखान्यातल्या पेशंटच्या नोंदींसाठी दोन सॉफ्टवेअरपैकी स्वस्त कुठलं घेऊ, असं तुम्ही विचारलंत. पैशांआधी हे बघा, की आपला डेटा बाहेर निघतो का. आमच्या जुन्या सॉफ्टवेअरमधून दर पेशंटची वेगळी पीडीएफ निघायची. ती नव्या सॉफ्टवेअरमध्ये आपोआप चढेना, म्हणून बदलताना रिसेप्शनवरच्या ताईंनी महिनाभर नोंदी हाताने चढवल्या. पेनिसिलिनची एकही अ‍ॅलर्जी सुटू नये म्हणून रोज रात्री मी त्या ताडून बघायचे. डॉक्टरांच्या व्यावसायिक आचरणाच्या २००२ च्या नियमांप्रमाणे पेशंटने मागितल्यावर ७२ तासांत त्याच्या नोंदींचे कागद द्यावे लागतात. डेमोत दहा खोटे पेशंट भरा आणि सगळे एक्सेलमध्ये काढून दाखवा असं विक्रेत्याला म्हणा. आभा क्रमांक (पेशंटचा सरकारी आरोग्य खाते क्रमांक) जोडता येतो का, तेही विचारा. बाह्मनी हे दवाखान्यांसाठीचं सॉफ्टवेअर ओपन सोर्स आहे, परवान्याचे पैसे नाहीत, पण सर्व्हर सांभाळणारा माणूस लागतो. दोन खोल्यांच्या दवाखान्याला ते जड जाईल.