शब्दचर्चा : ‘भूमिगत सिनेमा’ आणि ‘चित्रित केला’

प्रश्न : स्टॅन ब्रॅकेजवरच्या टिपणात ‘अमेरिकेतल्या भूमिगत सिनेमाचा दिग्दर्शक’ आणि ‘१९६३ मध्ये त्याने मॉथलाइट चित्रित केला’ अशी वाक्यं आहेत. दोन्ही शब्द चालतील?

—

‘भूमिगत’ नको. आपल्याकडे भूमिगत म्हणजे बेचाळीसचे कार्यकर्ते, नाहीतर विजेच्या केबल. हा सिनेमा करणारी न्यूयॉर्कची मंडळी तर जाहिरात करून खेळ लावायची. १९६२ मध्ये त्यांनी फिल्ममेकर्स को-ऑपरेटिव्ह काढली. तिथे निवड समितीच नव्हती : कुणीही आपली प्रिंट ठेवावी, मागेल त्याला ती भाड्याने मिळे.

—

पोलिसांचा संबंध अगदीच नव्हता असं नाही. मार्च १९६४ मध्ये जॅक स्मिथच्या ‘फ्लेमिंग क्रीचर्स’ची प्रिंट अश्लीलतेच्या कारणावरून जप्त झाली आणि ती दाखवणाऱ्या जोनास मेकासला अटक झाली. तरी सरळ ‘अंडरग्राउंड’च लिहा. ‘समांतर’ तर मुळीच नको, त्यात फिल्म फायनान्स कॉर्पोरेशनचं कर्ज, कथा, नट असं सगळं येतं. ‘प्रायोगिक’ म्हटलं की छबिलदासची नाटकं आठवतात. या सिनेमाशी ते नातं त्या मानाने खरं आहे.

—

मला ‘चित्रित केला’ जास्त खटकतं. मॉथलाइटला कॅमेराच लागला नाही. फिल्म जोडायची छिद्रं असलेली १६ मिमी पारदर्शक चिकटपट्टी घ्यायची, तिच्यावर पतंगांचे पंख, पाकळ्या, गवताची पाती मांडायची, वरून दुसरी पट्टी दाबायची. ही मूळ पट्टी जाड आणि ठिसूळ, प्रोजेक्टरमधून रोज चालवण्याजोगी नाही. म्हणून लॅबमध्ये ती कोऱ्या फिल्मला टेकवून, प्रिंटर नावाच्या यंत्रातून चालवून प्रिंट काढावी लागते. पडद्यावर दिसते ती ही प्रिंट. देठ किंवा जाड शीर राहिली तर पट्टी प्रिंटरच्या गेटमध्ये अडकते. उंचवट्यापाशी पट्टी आणि कोरी फिल्म यांचा स्पर्श सुटला की कडा धूसर येतात. छिद्रावर तुकडा आला तर यंत्राचे दाते त्यात बसत नाहीत.

मूळ पट्टीवर फ्रेमच्या रेषा नसतात. १६ मिमीत एक फ्रेम ७.६२ मिमीची. म्हणजे अडीच सेंटिमीटरचा पंख तीन फ्रेमहून जरा जास्त जागा घेतो आणि सेकंदाला २४ फ्रेमच्या वेगाने सेकंदाच्या सातव्या भागात निघून जातो. शिवाय दर फ्रेमला त्याच पंखाचा पुढचा तुकडा येतो, म्हणून मेलेला पतंग फडफडतो.

—

मग ‘रंगवला’?

—

नाही. फिल्मवर थेट रंग लावलेले त्याचे चित्रपट निराळे, उदाहरणार्थ ‘द डान्टे क्वार्टेट’ (१९८७). तिथे ‘रंगवला’ अगदी बरोबर. मॉथलाइटला ‘जुळवला’ घ्या.

जाता जाता : त्याला ‘मूकपट’ही म्हणू नका, वाचक थेट फाळक्यांच्या काळात जाईल. ‘ध्वनीविना’ पुरे. ‘विंडो वॉटर बेबी मूव्हिंग’ (१९५९) हाही ध्वनीविना आहे, पण त्यात कॅमेरा आहे; तिथे ‘चित्रित केला’ खुशाल ठेवा.